बिनशेऱ्याची पावती

सत्त्याऐंशीच्या दुष्काळात जयपूरच्या मालगोदामात परदेशी मदतीच्या दोन वॅगनी येऊन लागल्या. पाठवणारा देश इतका श्रीमंत, की त्याच्या खोक्यांचा पुठ्ठासुद्धा आमच्या क्वार्टरच्या दारापेक्षा मजबूत. मी शेषराव, मूळचा अकोल्याचा, बावीस वर्षं गोदामात कारकून. खोकं फोडायचं आणि आत जे दिसेल ते पावतीवरच्या शेऱ्यात लिहायचं, हे माझं काम. मी लिहिलं : लोकरी हातमोजे, चाळीस खोकी. खोकल्याचं औषध, मुदत संपलेलं. वजन कमी करण्याची पावडर, एकशे दहा खोकी.

हमाल देवरामनं पावडरीचा डबा उलटसुलट करून पाहिला. "साब, ये किस काम का?"

"इससे मोटे लोग पतले होते हैं."

तो हसला नाही. जयपूरजवळच्या चौमूंच्या पलीकडे त्याचं गाव. तिथल्या विहिरी आटल्या होत्या, लोकांनी गुरं मोकळी सोडून दिली होती. त्याचं सगळं लक्ष दुसऱ्या खेपेकडे होतं. तिच्यात बोअर पाडायचं यंत्र यायचं होतं, आणि गावांच्या यादीत त्याच्या गावाचं नाव होतं.

मध्येच एक परदेशी पत्रकार आला आणि त्यानं माझ्या शेऱ्याचा फोटो मागितला. मी शहाणा, कागद उजेडात सरळ धरून उभा राहिलो. पंधरा दिवसांत देशोदेशींच्या पेपरांत त्या देशाची छी थू झाली. मदतीच्या नावाखाली घरातली अडगळ काढली, उपाशी माणसांची थट्टा मांडली, असं काय काय छापून आलं. कॉलनीत लोक मला थांबवून शाबासकी देऊ लागले. मलाही चार दिवस बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

मग दिल्लीहून दोन साहेब आले. आरडाओरडा नाही, धमकी नाही. आमच्याच कँटीनचा चहा मला पाजून त्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. फेरतपासणीत माल चांगल्या स्थितीत व उपयुक्त आढळला, कोणताही शेरा नाही. खाली माझ्या सहीची जागा. सही झाली की त्या देशाची बदनामी थांबेल आणि त्यानं बंदरात अडवून ठेवलेली दुसरी खेप सुटेल, असं ते म्हणाले. देवराम दारातच उभा होता.

मी एक दिवस मागून घेतला. रात्री विमलला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं.

"बावीस वर्सं खरं लिवलं नं तुमी? मंग एक डाव खोटं लिवा," ती म्हणाली. "लोकाईले पानी भेटते तं काहून जिवाले घोर लावून घेता?"

दुसऱ्या दिवशी सही केली. देवराम पाया पडायला वाकला तेव्हा मी त्याच्यावर खेकसलो. त्याच्या गावानं बोअरसाठी जागा झाडून ठेवली, नारळही फोडला.

महिन्यानं त्या देशाचं पत्र आलं. पाठवलेली सामग्री उपयुक्त ठरली असून गरज भागल्याचे स्थानिक कागदपत्रांवरून दिसते, सबब दुसरी खेप अन्यत्र वळवण्यात येत आहे. सोबत माझ्या सहीच्या कागदाची नक्कल.

सांगानेरच्या कापड छापणाऱ्यांपासून बगरूच्या व्यापाऱ्यांपर्यंत प्रत्येकाला मी बावीस वर्षं बजावत आलो होतो, की माल खराब असेल तर शेरा लिहिल्याशिवाय सही करू नका, नंतर भरपाईचा दावा चालत नाही. आणि मीच बिनशेऱ्याची पावती देऊन बसलो. स्वतःचा रागसुद्धा आला नाही. नुसता शीण आला.

देवरामला सांगितलं तेव्हा त्यानं डोक्यावरचं पोतं खाली ठेवलं. मग म्हणाला, "गाँव में आप ही बोल दो, साब. मेरी कोई नहीं मानेगा."

रविवारी बसनं चौमूंला गेलो, पुढे पायी. देवरामच्या अंगणात सगळं गाव जमलं होतं. कोणी काही विचारायच्या आत त्याच्या आईनं काठोकाठ भरलेला लोटा माझ्या हातात दिला. ते पाणी दोन कोसांवरून डोक्यावर आलेलं, हे मला ठाऊक होतं. नको म्हणायची छाती झाली नाही. पाणी प्यायलो आणि लाजेनं मेल्यासारखं झालं.

मग सगळं सांगून टाकलं. यंत्र येणार नाही. माझ्या सहीमुळे येणार नाही.

कोणी शिवी दिली असती तर सोसलं असतं. म्हातारीनं फक्त देवरामकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तो मशीन के लिए एक सही और कर दो, साब," ती म्हणाली.

पेन माझ्या खिशालाच होतं. सगळे त्या पेनाकडे बघत होते.