चाळीस रिकामे रकाने

सन २००६. माझ्या आयुष्यात जे काही घडलं ते त्या वर्षापासून.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. उंदराच्या पिल्लाचं मूत्रपिंड आईच्या पोटात कसं घडतं, ती माहिती माझ्यात होती. कोणीही ती घरबसल्या पाहू शके. आमच्या प्रयोगशाळेत एकेका जनुकासाठी मूत्रपिंडाचे पातळ काप रंगवत. जिथे जांभळा रंग धरे, तिथे ते जनुक जागं आहे असं समजत. तिथे काम करणाऱ्या काकू सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक भाग तपासत आणि माझ्या रकान्यात तीनपैकी एक नोंद करत: 'आहे', 'नाही' किंवा 'तपासले नाही'.

संगणक एक वेळ चुकेल, काकू चुकणार नाहीत, असं प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई पाहुण्यांना सांगत. मला त्याचं काही वाटत नसे.

त्या वर्षी तपासणी अधिकारी यायचे होते. त्यांनी नापास केलं तर आम्ही बंद. माझे चाळीस रकाने 'तपासले नाही' म्हणत होते आणि हातात दोन दिवस होते. मोठ्या बाई म्हणाल्या, "काकू, 'नाही' भरून टाका. उंदीर काही तक्रार घेऊन येत नाहीत."

काकूंनी भरलं. आम्ही पास झालो.

दोन वर्षांनी एक उंच डॉक्टर आला. त्याला सगळे लंबू म्हणत. काही बाळं एकाच मूत्रपिंडानिशी जन्मतात, त्याचं कारण तो शोधत होता. त्याचा एका जनुकावर संशय होता. मी 'नाही' दाखवलं, म्हणून त्याने ते जनुक सोडून दिलं होतं. आता दुसऱ्या प्रयोगशाळेच्या एका चित्रात त्याला तिथेच जांभळा रंग दिसला होता.

"काकू, तुम्ही पाहिलंत तेव्हा रंग नव्हता का?"

काकूंनी चष्मा काढून पुसला. "मी पाहिलंच नव्हतं रे."

दोन वर्षं गेली, एवढंच तो म्हणाला.

काकूंनी पेटीतले काप काढून चाळीसही तपासले. तेहतीस ठिकाणी खरंच 'नाही' होतं. सात ठिकाणी रंग होता. त्यांनी नोंदी बदलल्या आणि खाली लिहिलं, चूक माझी.

मोठ्या बाई आता लेकीकडे असतात. लंबूचा शोध दुसऱ्याने आधी छापला; लंबू हॉस्पिटलात बाळं तपासतो. काकू गेल्या. माझ्यातली माहिती नव्या यंत्रात गेली आणि मी अडगळीच्या खोलीत आलो.

मित्रांनो, जे पाहिलं नाही त्याला 'नाही' म्हणू नका. परवा एक कारकून सामानाची यादी करायला आला. त्याने माझ्यावर चिठ्ठी चिकटवली: 'चालत नाही'.

त्याने बटण दाबून पाहिलं नव्हतं.