डुगडुगणारा पाट

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. पण कृपा करून माझ्यावर बसू नका. का, ते सांगतो.

सेलूच्या बन्सीधर सुतारानं मला अस्सल सागवानातून घडवलं. मुंज असो, बारसं असो, पंगत असो, मी कधी तसूभर हललो नाही. माझ्यावर बसून माणसं रुसली, हसली, श्रीखंड चापून फुगली. मी आपला ठाम. याचा मला भारी तोरा होता. पुढे घरात जेवणाचं टेबल आलं आणि मी पलंगाखाली गेलो.

घरातली धाकटी श्रीनिधी शाळेच्या संघात फुटबॉल खेळायची. तिचा उजवा घोटा दोनदा मुरगळला. एकदा चेंडूमागं धावताना आणि एकदा चक्क सपाट फरशीवर. दुसऱ्या खेपेला तिच्या आईनं, मंजुषाताईंनी, निकाल दिला, "आता आणखी एकदा पाय मुरगळला तर खेळ बंद! सांगून ठेवायलेय."

सूज पूर्ण उतरल्यावर संघाच्या राजेश्री मॅडम घरी आल्या. म्हणाल्या, "एकदा लचकलेला घोटा तोल विसरतो गं. त्याला पुन्हा शिकवावं लागतं. डुगडुगत्या फळीवर एका पायावर उभी राहत जा, रोज. आधी भिंतीला धरून."

फळी कुठली आणायची? श्रीनिधीनं मला पलंगाखालून ओढलं आणि थेट सुताराकडे नेलं. ज्या बन्सीधरनं मला ठाम उभं केलं, त्यानंच माझे पाय कापून पोटाखाली लाकडाचा अर्धा चेंडू ठोकला! लाजेनं मला तोंड लपवावंसं वाटलं. पण पाटाला तोंड कुठलं?

सुरुवातीला मी तिला रोज पाडायचो. माझा नाइलाज होता. भिंतीवरचं कॅलेंडर पडलं, मग पडद्याची दांडी पडली. हळूहळू मात्र तिच्या घोट्याला माझी चाल कळू लागली. मी डावीकडे कललो, की तो मला हळूच सावरून घ्यायचा. ती माझ्यावर उभी राहून दात घासायची, कविता पाठ करायची. डुगडुगण्यातही काम असतं, हे मला तेव्हा पटलं.

एवढ्यात थोरल्या हेमाची सोयरीक ठरायची वेळ आली. मुलगा तिला पसंत होता. आता मानवतहून त्याचे चुलते आबासाहेब शेवटचं बोलायला येणार होते. पाहुणे जुन्या वळणाचे, म्हणून पंगत पाटावर. घाईघाईत हेमानंच मला मांडलं, वर जाड आसन टाकलं. माझा कललेला खांदा कोणाच्या ध्यानात आला नाही.

आबासाहेब बसले. मी डावीकडे कललो, त्यांचा हात बासुंदीत. मी उजवीकडे कललो, कोपर वरणात. मग मी मागं गेलो. आबासाहेब उताणे, पाय आढ्याकडे, टोपी कोशिंबिरीत.

मंजुषाताई पांढऱ्याफटक पडल्या. दाराआड हेमा रडायला लागली.

श्रीनिधी पुढं आली. "आबासाहेब, चूक माझी हाय, ताईला सांगायचं इसरले. हा पाट बसायचा न्हाई, उभं राहायचा हाय."

"म्हंजे?"

आसन बाजूला सारून ती माझ्यावर एका पायानं उभी राहिली आणि तिनं घोट्याची सगळी कथा सांगितली. आबासाहेबांनी हात धुतले. "सरक बाजूला," म्हणाले. भिंत धरून माझ्यावर चढले. मी त्यांना गदागदा हलवलं.

"आरं बाप्पा! बसमधून उतरताना माझा बी पाय असाच वळतो. लय दिवस झाले, कुणी काय इलाज सांगंना!" ते हसायला लागले, तसं घर हसायला लागलं. "सोयरीक पक्की! हे घर खरं बोलतंय."

पुढच्या महिन्यात परभणीला पिंगळीच्या संघाशी सामना होता. सरावासाठी मॅडमनी मलाही नेलं. मैदान काळ्या मातीचं, भेगाळलेलं. ऐन धावेत श्रीनिधीचा उजवा पाय एका भेगेत गेला आणि बाहेर वळला. मंजुषाताई उठून उभ्या राहिल्या. मी जीव मुठीत धरला. पण घोटा वळला तसाच परत आला! श्रीनिधी धावत सुटली, चेंडू मारला, तो थेट बाभळीत. सामना आम्ही हरलो. तरी मंजुषाताई टाळ्या पिटत होत्या. लोकांना वाटलं, बाईला नियम माहीत नाहीत.

त्याच भेगेत पिंगळीच्या ईश्वरीचा पाय मुरगळला. तिला उचलूनच न्यावं लागलं.

मित्रांनो, घोटा सुजला की हळद घेऊन सगळं घर धावतं. सुजण्याआधी त्याची विचारपूस कोणी करत नाही. तुम्ही करा. खेळाआधी अंग गरम करा, मैदानातल्या भेगा बुजवा, रोज थोडं एका पायावर उभे राहा. पाट नसला तरी चालेल.

परवा ईश्वरी माझ्यावर तोल शिकायला रेल्वेनं सेलूला आली. सूज गेली होती, भीती तेवढी राहिली होती.

"मी पडंन," ती म्हणाली.

"पडशील की," श्रीनिधी म्हणाली. "मी हाय ना."

ईश्वरीनं भीत भीत माझ्यावर पाय ठेवला. तो लटलट कापत होता. श्रीनिधीनं हात पुढं केला. धरलं मात्र नाही, नुसता जवळ ठेवला. आणि मी, मित्रांनो, होईल तितकं हळू हललो.