पेवावरचं अंगण

"मिस्त्री, तुमी त म्हनलं होतं, ट्रक उभा केला तरी या अंगनाले काही होत नाही!"

शेखरभाऊ पायरीवर उभे राहून बोलत होते आणि कचरू मिस्त्री अंगणात गुडघे टेकून ऐकत होता. त्याच्या पुढ्यात ब्लॉक खचले होते. फार नाही, परातीएवढा खळगा पडला होता. आदल्या दिवशी गाडी मागे घेताना तिचं चाक त्यात बसलं आणि ती काढायला गल्लीतली चार माणसं लागली.

"काळी जमीन हाय भाऊ," कचरू म्हणाला. "पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात बसते. हालतेच ते."

हे बोलताना त्याने मान वर केली नाही. पिंपळगाव राजात अंगण खचलं की काळ्या जमिनीवर घालायचं, हा मिस्त्री लोकांचा जुना रिवाज. बिचारी जमीन काही उत्तर देत नाही. पण हे अंगण कशाने खचलं, हे कचरूला पक्कं ठाऊक होतं. पहिला ब्लॉक उचकटायच्या आधीपासून ठाऊक होतं. खरं सांगायचं तर दीड वर्षापासून ठाऊक होतं.

कचरू बावन्न वर्षांचा. आधी शहाबादी फरशी बसवायचा, मग टाइल्स, आणि गेली बारा वर्षं पेव्हर ब्लॉक. गावात नवं घर झालं की अंगण कचरूचंच. लग्नाला गेला तर नवरीआधी मांडवाखालच्या जमिनीचा ढाळ बघतो, अशी त्याची थट्टा व्हायची. आणि त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. माणूस ब्लॉकचा रंग निवडत बसला की तो म्हणायचा, "रंग काय पाह्यता? वरून अंगन कोनीबी सजवते. खालचं पाहा." हात दीड हात काळी माती काढायची, मुरूम भरायचा, पाणी मारायचं, धुमसाने ठोकायचा, त्यावर क्रशरची चुरी आणि मग ब्लॉक. यात कचरूने कधी चोरी केली नाही. फक्त एकदा केली, ती इथे.

शेखरभाऊंचं खताबियाण्याचं दुकान आहे. दीड वर्षापूर्वी त्यांच्या मुलीचा, प्रतीक्षाचा साखरपुडा ठरला आणि चार दिवसांत अंगण हवं, असा निरोप आला. कचरूने माणसं लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेखरभाऊंची आई, झुंबरबाई, काठी टेकत अंगणात आली. वय अठ्ठ्याहत्तर, पण आवाज खणखणीत. घराचा कारभार तेव्हा तीच बघायची. दळण कधी द्यायचं इथपासून कोणाच्या लग्नात काय आहेर करायचा इथपर्यंत.

"कचरू, इथं पेव हाय बरं," तिने टाचेने जमीन दाबून जागा दाखवली. "दोन पुरुस खोल. पह्यले आमची सारी जवारी याच्यातच राहे. तोंडावर जात्याची तळी ठेवली हाय, मी आन् मालकानं मिळून ठेवली. ते आंदी उघड, भर, आन् मंग तुहं काम कर."

"हो माय," कचरू म्हणाला.

दुपारी त्याने स्वतः धुमस घेतला. सगळीकडे ठप्प ठप्प आवाज येत होता. झुंबरबाईच्या टाचेखालच्या जागी आला धब्ब. त्याने पुन्हा ठोकलं. पुन्हा धब्ब. वीस-पंचवीस वर्षं जमिनीचा आवाज ऐकणाऱ्या माणसाला दुसऱ्यांदा ठोकायची गरज नव्हती.

पेव उघडायचं म्हणजे मुरूम परत काढायचा, दगडगोटे आणायचे, दोन पुरुष खोल खड्डा थराथराने भरायचा. चार दिवस तिथेच जायचे. साखरपुड्याला पाहुणे काय मातीत बसवायचे? तो धुमसाला टेकून विचार करत असतानाच शेखरभाऊ आले.

"मिस्त्री, आई पेव पेव करून राह्यली सकाळपासून. काही हाय का तसं?"

"काही नाही भाऊ," कचरू म्हणाला. "मी सळई ठोकून पाह्यली. पक्की जमीन हाय." आणि एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण खोटं एकट्याने उभं राहत नाही, त्याला टेकू लागतो. म्हणून तो पुढे म्हणाला, "वय झालं न मायचं. भास होते या वयात."

सळई त्याने ठोकलीच नव्हती.

साखरपुडा दणक्यात झाला. कचरूलाही जेवणाचं आमंत्रण होतं. पंगत नव्या ब्लॉकवरच बसली. झुंबरबाई वाढणाऱ्यांवर लक्ष ठेवत फिरत होती. मध्येच ती मुलाकडच्या पाहुण्यांना म्हणाली, की तुमची आजी आणि माझी मावशी चुलतबहिणी, सोनाळ्याच्या. शेखरभाऊ हसून म्हणाले, "आई, हे पेवावानी त नाही ना?" आणि त्यांनी पाहुण्यांना पेवाची गोष्ट सांगितली. पंगत हसली. शेखरभाऊंनी साक्षीला कचरूकडे बोट केलं. तोंडात जिलबी होती, तरी कचरूही हसला.

झुंबरबाईने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपलं काही चुकलं का, असं पाहिलं.

त्या घरात मग तो थट्टेचा शब्दच होऊन गेला. आजी म्हणाली, गॅस चालू राहिला आहे, की नातवंडं ओरडायची, पेव! आजी म्हणाली, परवा एकादशी आहे, की पेव! कोणाच्या मनात वाईट नव्हतं. कचरू कुठल्या ना कुठल्या कामाने त्या गल्लीतून जायचा आणि त्याच्या कानावर हे पडायचं. हळूहळू झुंबरबाई कमी बोलायला लागली. कपाटाच्या किल्ल्या सुनेकडे, अनुपमाताईंकडे गेल्या. हे वयाने झालं, का आपल्या त्या एका शब्दाने? कचरूने स्वतःला पुष्कळदा विचारलं. वयाने असेल, असं म्हणून बघितलं. पण पटत नव्हतं आणि झोपेतसुद्धा त्याला धब्ब ऐकू यायचं.

आता तो एकेक ब्लॉक काढून बाजूला रचत होता. ब्लॉक निघाले, चुरी निघाली. खाली मुरमाला भगदाड पडलं होतं. त्याने हाताने कड मोकळी केली तर अर्धगोल दगड दिसला. टाकीचे घाव अजून स्पष्ट होते. जात्याची तळी. मधून तडकलेली, आणि तड्यातून गार, कुबट वास येत होता.

शेखरभाऊ आत फोनवर बोलत होते. अंगणात दुसरं कोणी नव्हतं. ओसरीवर खुर्चीत झुंबरबाई बसली होती, पण ती हल्ली असून नसल्यासारखीच. समोर शेजाऱ्याच्या बांधकामाचे दगडगोटे पडले होते. तळी आत ढकलायची, तोंडात मोठे दगड अडकवायचे, वरून मुरूम. तासाचं काम. काळी जमीन, म्हणून पुन्हा सांगायचं. कचरूने तळीवर हात ठेवला. ढकलायला ठेवला, पण ढकलवेना.

"शेखरभाऊ," त्याने हाक मारली. "भाहीर या. ताईलेबी बोलवा."

दोघं आली. कचरू उठून उभा राहिला, फडक्याने हात पुसले, पुन्हा पुसले.

"हे पेव हाय भाऊ. मायनं सांगतलं होतं तेच. मले तवाच समजलं होतं. धुमस मारला, आवाज पोकळ आला. मी सळई ठोकली नव्हती. मी खोटं बोललो."

शेखरभाऊंनी खड्ड्यात वाकून पाहिलं. "अरे, गाडी आत गेली असती न! लेकरू गेलं असतं!" ते तावातावाने म्हणाले. मग एकदम त्यांची नजर ओसरीकडे गेली आणि आवाज खाली आला. "दीड वर्ष आमी तिले..." अनुपमाताईंनी पदर तोंडाला लावला.

आता काय करावं ते न सुचून कचरूने पहारीने तळी बाजूला सारली आणि किती भरायचं आहे ते बघायला पाय आत सोडला.

"उतरू नोको!"

आवाज खणखणीत होता. तिघांनी वळून पाहिलं. झुंबरबाई खुर्चीतून अर्धी उठली होती, काठी पुढे केली होती.

"आंदी दिवा सोड. इझला त उतरू नोको. पेवातली हवा मानसाले गिळते."

अनुपमाताईंनी देवघरातलं निरांजन आणलं. कचरूने ते घमेल्यात ठेवलं आणि तारेला बांधून हळूहळू खाली सोडलं. कमरेएवढं गेलं तोवर ज्योत बरी होती. पुरुषभर गेलं आणि विझली. वारा नव्हता.

कचरूने तार वर ओढली. तो तसाच ओसरीवर गेला आणि झुंबरबाईच्या पायांशी बसला.

"माय, तुमी मले पेव दाखवलं होतं. मी भास म्हनलं. चूक माही होती, तुमची नाही. तुमचंच बरोबर होतं."

झुंबरबाई पुन्हा खुर्चीत टेकली. मघाचा आवाज कुठेच नव्हता. तिने मान वळवून सुनेला विचारलं, "मी सांगतलं होतं का वं?"

"हो आई. तुमीच सांगतलं होतं."

"असंन बाप्पा. म्हनलं असंन काहीबाही. माह्या लक्षात नाही रायत आता." मग तिला कचरूचा चेहरा दिसला. "तू काऊन रडून राह्यला बे? अंगनच खचलं, घर थोडीच खचलं!"

कचरूला वाटलं होतं, बोललं की हलकं वाटेल. लोक तसं सांगतात. त्याला काही हलकं वाटलं नाही.

पेव दोन दिवस उघडं ठेवून तिसऱ्या दिवशी भरायला घेतलं. दगड, मुरूम, पाणी, धुमस. हातभर थर झाला की कचरू थांबायचा आणि कान लावून ठोकायचा. भरायला पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी ब्लॉक बसले. शेवटी तो फटींत बारीक रेती झाडत होता, तेव्हा झुंबरबाई पाण्याचा तांब्या घेऊन तुळशीकडे निघाली. नव्या जागेच्या कडेला येऊन ती थांबली.

"पाय ठेवू का इथं?"

"ठेवा माय," कचरू म्हणाला. "आता पक्कं हाय. खालपासून पक्कं हाय."

तिने त्याचं ऐकून घेतलं. पण पाय उचलला नाही. घराकडे वळून ती म्हणाली, "अनुपमा, ठेवू का वं पाय?"

आत मिक्सर चालू होता, तिचा आवाज कोणाला ऐकू गेला नाही. झुंबरबाई तांब्या धरून ब्लॉकच्या कडेला उभी राहिली. कचरू हातात झाडू घेऊन पलीकडे उभा राहिला. दोघं मिक्सर बंद व्हायची वाट बघत होते.