हिरव्या पेल्याला गेलेला तडा

मी एक जुना पेला आहे, मित्रांनो. काचेचा नाही, मातीचा नाही, चांदीचाही नाही. मी दगडाचा आहे. थांबा, लगेच नाकं मुरडू नका! खलबत्त्यासारखा ओबडधोबड दगड नाही बरं मी. माझा दगड हिरवा आहे, काकडीच्या आतल्या गरासारखा फिका, गारेगार आणि गुळगुळीत. जुने लोक त्याला यशब म्हणायचे, तुमच्या पुस्तकात जेड असं लिहिलेलं असेल. माझी भिंत इतकी पातळ आहे की मला उजेडासमोर धरलं तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते. अंगावर एक वेल कोरलेली आहे, काठावर सुबक अक्षरांची एक ओळ आहे, आणि काठापासून पोटाच्या मध्यापर्यंत एक तडा आहे. लोक आधी वेल बघतात, मग अक्षरं बघतात, आणि मग तड्याकडेच बघत राहतात. म्हणून म्हटलं, आज त्याचीच गोष्ट सांगून टाकावी.

मंगोल राजांच्या घोड्यांनी अर्धं जग पालथं घातलं, आणि त्यानंतर कितीतरी पिढ्या मोठमोठ्या घरांना या हिरव्या दगडाचं वेड होतं. मी होतो नदीच्या पात्रात, गोट्यांमधला एक गोटा. तिथून उचलून मला एका कारागिराकडे आणलं. तुम्हाला वाटेल, त्याने छिन्नी-हातोडा घेतला असेल. छे! यशबावर छिन्नी मारली तर छिन्नीचंच तोंड वाकडं होतं. आम्हाला कोरत नाहीत, झिजवतात. कारागीर फिरत्या चाकावर ओली, कठीण वाळू घालायचा आणि मला त्यावर घासत राहायचा. दिवसभर नुसतं किर्र, किर्र. शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, रातकिडे पाळलेत का हो तुम्ही? तो हसायचा आणि पुन्हा घासायला लागायचा. मधूनच नखाने टिचकी मारून कान लावायचा. माझा आवाज जसजसा बारीक होत गेला, तसतसा तोही घरात हळू बोलायला लागला, जणू मोठ्याने बोललं तर मी फुटेन. शेवटी त्याने काठावर ती ओळ कोरली: जो पिईल त्याला आरोग्य लाभो.

केवढी सुंदर इच्छा, नाही का? मला वाटलं, आता आयुष्यभर लोकांच्या ओठांना लागायचं आणि त्यांना बरं करायचं.

पण मी गेलो एका व्यापाऱ्याच्या घरी, आणि बसलो फडताळात. खालच्या फळीवर माझा एक शेजारी होता, निळा वाडगा. पांढरी गारगोटी दळून, मळून त्याचं अंग बनवलेलं, त्यावर काळ्या रेघांचे मासे काढलेले, आणि वरून काचेसारखा निळा लेप देऊन भट्टीत भाजलेला. त्याच्या काठाचा टवका उडाला होता. तरी दिवसभर हाका त्यालाच! वाडगा आण, वाडगा दे, वाडग्यात काढ. पाहुणे आले की मला हातात घेऊन वा वा करायचे, आणि मग मी पुन्हा फडताळात. खरं सांगतो, मला त्या टवक्याचासुद्धा हेवा वाटायचा.

त्या घरात एक दाई होती. घरच्या मालकांना तिनेच लहानाचं मोठं केलं होतं, आणि आता त्यांच्या मुलीलाही तीच सांभाळत होती. मुलीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती चालायची नाहीच, गरगरायची. जिन्याच्या कठड्यावरून घसरणं, गालिच्यावर कोलांट्या, दाईच्या पदराला लोंबकळणं, हेच तिचं काम.

मालक मात्र भित्रे होते. त्यांचे वडील एकदा जेवता जेवता कोसळले आणि उठलेच नाहीत. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच किडा शिरला, की अन्नात कुणीतरी काहीतरी घातलं असणार. आणि आमच्या दगडाबद्दल तेव्हा सगळीकडे एक समजूत होती: यशबाच्या पेल्यात विष पडलं की पेला तडकतो. झालं! मालकांनी मला फडताळातून बाहेर काढलं आणि ते पाणीसुद्धा माझ्यातूनच प्यायला लागले. मी किती खूश झालो म्हणून सांगू! मला कळलंच नाही, की मला पेला म्हणून नाही, पहारेकरी म्हणून कामाला ठेवलंय.

आणि मग ती थंडी आली.

भिंगरीला ताप भरला. उतरायचा, पुन्हा दुप्पट चढायचा. घरभर गरगरणारी पोर उशीत डोकं रुतवून पडली होती, आणि तिचा श्वास ओल्या लाकडासारखा घुरघुरत होता. सकाळी हकीम आले. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, आणि एक पुडी काढून दिली. ती उकळून आटवायची आणि ताप पुन्हा चढायच्या आत पोटात गेलीच पाहिजे, असं बजावलं. दुपार उलटली तर मग आपल्या हातात काही नाही, हेही त्यांनी हळूच सांगितलं. पण ते एवढ्या हळू बोलले की सगळ्यांनाच ऐकू गेलं.

दाईने औषध उकळलं आणि वाफाळतं पातेलं घेऊन ती आली. नेहमीप्रमाणे ती ते निळ्या वाडग्यात ओतणार, फुंकर घालणार आणि चमच्याने पाजणार होती. तिने वाडगा पुढे ओढलासुद्धा.

"वाडग्यात नको," मालक म्हणाले. "पेल्यात."

मी खिडकीत होतो. रात्रभर तिथेच होतो, कारण मालकांना सकाळी गार पाणी लागायचं. माझ्या तळाशी बर्फाची पातळ साय धरली होती. मालकांनी मला उचललं, तो बर्फ खिडकीबाहेर झटकला, दाईच्या हातातलं पातेलं घेतलं, आणि स्वतःच्या हाताने ते माझ्यात ओतलं. उकळतं.

मित्रांनो, बाहेरून बर्फ आणि आतून आग! माझी आतली बाजू पसरायला धडपडत होती, आणि बाहेरची गारठून आखडून बसली होती. मी दम धरला. खूप धरला.

टच्.

एवढासाच आवाज झाला. पण त्या खोलीत तो असा वाजला, की जणू दरवाजा मोडला. तड्यातून औषधाचे थेंब गालिच्यावर पडायला लागले. टप. टप. मालकांनी मला तिवईवर ठेवलं आणि ते दोन पावलं मागे सरकले. मग त्यांनी वर पाहिलं, दाईकडे.

"दाई, काय घातलंस यात?"

"हकिमांनी दिली तीच पुडी, बाळा."

"बाळा म्हणू नकोस मला."

मालकांनी हकिमांकडे पाहिलं, आणि हकिमांच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला. कारण औषधात विष असेल, तर ते दोघांपैकी एकाच्याच हातून पडलेलं असणार होतं. हकीम घाईघाईने सांगायला लागले, की पुडीत नुसत्या मुळ्या आणि बिया होत्या, आपण दिली तेव्हा ती स्वच्छ होती, पुढे चुलीपाशी काय झालं ते आपल्याला काय माहीत! पेल्याला कुणी हात लावायचा नाही, असं मालकांनी सांगितलं आणि कोतवालाला बोलवायला माणूस धाडला.

मला ओरडायचं होतं. अहो, विष नाही हो, मी गारठलो होतो! पण पेल्याला तोंड असतं ते फक्त दुसऱ्यांनी लावायला.

सगळ्यात वाईट काय झालं, माहितेय? दाई भांडली नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि स्वतःचे तळहात बघत राहिली. बोटांचा वास घेऊन बघितला. पातेलं तर घासलं होतं, पाणी रांजणातलंच होतं, चमचा वेगळा घेतला होता, असं काहीबाही ती पुटपुटत होती. मग तिने हकिमांनाच विचारलं, की आपल्याच हातून नकळत काही पडलं असेल का? कळलं का, मित्रांनो? तिचाही माझ्यावर विश्वास होता. स्वतःच्या हातांवर नव्हता, माझ्यावर होता.

इकडे भिंगरीचे गाल लाल व्हायला लागले. तिच्या आईने हकिमांकडे दुसरी पुडी मागितली. त्यांनी मान हलवली. कोतवाल येऊन चौकशी होईपर्यंत आपण या घरात कुणालाच काही देणार नाही, म्हणाले. मालक खिडकी ते दार, दार ते खिडकी फेऱ्या मारत होते. खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा गालिच्यावरून सरकत सरकत पलंगाच्या पायाला लागला. माझ्यातलं औषध तड्याच्या टोकापर्यंत उतरून थांबलं होतं, आणि खाली जे उरलं होतं ते निवून कोमट झालं होतं. पिण्यासारखं. अगदी पिण्यासारखं! आणि त्याच्याकडे बघायलाही सगळे घाबरत होते.

खाली दाराची कडी वाजली. जिन्यावर बूट वाजायला लागले.

तेव्हा भिंगरीची आई उठली. ती दाईसमोर जाऊन उकिडवी बसली.

"दाई, तुम्ही यात काही घातलंत?"

"नाही, सूनबाई. पण पेला..."

"पेल्याला मी विचारलं नाही. तुम्हाला विचारलंय."

ती तिवईपाशी आली आणि तिने मला उचललं. मालक म्हणाले, खाली ठेव. ती ऐकू आलं नसल्यासारखी उभी राहिली. काही विषं हळूहळू चढतात, संध्याकाळपर्यंत वाट पाहिल्याशिवाय कळायचं नाही, असं हकीम सांगायला लागले. तेवढा वेळ माझ्या लेकीकडे नाही, एवढंच ती म्हणाली, आणि तिने मला तोंडाला लावलं.

मित्रांनो, तोवर मला मालकांचेच ओठ लागत आले होते. पण तिचे ओठ मी विसरू शकत नाही. थरथरत होते ते! तिलाही भीती वाटत होती, हे त्या खोलीत फक्त मला कळलं. तरी तिने एक मोठा घोट घेतला, गिळला, आणि मला स्वतः लेकीकडे न नेता दाईच्या हातात दिलं.

"तुम्हीच पाजा. तुमच्या हातून ती तोंड वाकडं न करता घेते."

दाईने माझा काठ भिंगरीच्या ओठांना लावला. तिने तड्याची बाजू वर केली, एक थेंबही वाया जाऊ नये म्हणून, आणि घोट घोट करून सगळं पाजलं. कोतवाल दारात येऊन उभा राहिला होता. त्याला कुणी आत या म्हणेना, की जा म्हणेना.

मग नुसती वाट बघणं. सगळे एकदा आईकडे बघत होते, एकदा मुलीकडे. आई पलंगाच्या कडेला ताठ बसली होती, आणि दाईने तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. ऊन पलंगावर चढलं, उशीपर्यंत आलं. आईला काहीच झालं नाही. मग भिंगरीच्या केसांच्या मुळाशी घामाचे बारीक मणी दिसायला लागले. तिने डोळे उघडले आणि कुरकुरली, "कडू होतं. दाई, साखर कुठाय?"

दाई साखर आणायला उठली आणि दारापर्यंत जाऊन रडायला लागली.

मालकांनी कोतवालाला सांगितलं, की तुम्हाला थंडीत उगाच त्रास झाला. दाईला ते काहीच म्हणाले नाहीत. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. मला मात्र त्यांनी एका जुन्या फडक्यात गुंडाळलं आणि पेटीच्या तळाशी टाकून दिलं, खोटं बोलणाऱ्याला घराबाहेर काढावं तसं. आपण गारठलेल्या पेल्यात उकळतं औषध ओतलं होतं, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नाही. पेटीतून मला घरातले आवाज ऐकू यायचे. भिंगरी पुन्हा गरगरत होती. पण त्यानंतर दाई कुणासाठी औषध उकळायची नाही. सांगितलं तर म्हणायची, दुसऱ्या कुणाला तरी सांगा, माझ्या हातांचा भरवसा नाही.

पुढे पेटीला कितीतरी मालक झाले. फडकं कुजलं, वेलीच्या खाचांमध्ये धूळ बसली. मग कुणीतरी मला पुसून या संग्रहालयात आणलं. आता मी काचेच्या पेटीत असतो, वरून छान दिवा असतो, आणि कोमट की गार याची चिंता करायला एक यंत्रही आहे! मला काही कमी नाही. फक्त रोज सकाळी शाळांच्या सहली येतात, आणि माहिती सांगणारे काका माझ्यासमोर थांबून आवाज खाली आणतात. या पेल्यात एकदा विष घातलं होतं, म्हणून तो तडकला, असं ते सांगतात. मुलांचे डोळे मोठे होतात. कुणी घातलं, असं एखादी मुलगी विचारतेच. मग काका म्हणतात, घरातल्याच एका दाईने म्हणे.

रोज, मित्रांनो! रोज माझ्या डोळ्यांदेखत तिला पुन्हा भिंतीशी बसवतात.

म्हणून माझं एक ऐका. गार भांड्यात उकळतं ओतू नका, आधी त्याला थोडं कोमट होऊ द्या, भांडी काय, सगळेच तडकतात. आणि ज्या हातांनी तुम्हाला भरवलंय, त्यांच्याविरुद्ध कुणी काही सांगितलं, मग ते सांगणारा कितीही देखणा आणि मौल्यवान असो, तर आधी त्या हातांच्या माणसाला जाऊन विचारा. आणि तुमची सहल कधी माझ्यापर्यंत आली, आणि काका दाईचं नाव घ्यायला लागले, तर लाजू नका. हात वर करा आणि मोठ्याने सांगा, की पेला गारठलेला होता, औषध उकळतं होतं, आणि त्यात फक्त औषधच होतं.