मार्ता माझ्यात येऊन बसायची

मी एक जुनी जीप आहे. मित्रांनो, वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या एका खेड्यात, सेवालालच्या अंगणात मी उभी असते. माझी चाकं मातीत रुतली आहेत आणि मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. पण माझ्या वाट्याला आलेलं एक काम असं आहे, की ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. सेवालालने मला घेतलं आणि मालेगाव-वाशीम रस्त्यावर सवारी भरायला सुरुवात केली. नवरदेव, बकऱ्या, सोयाबीनची पोती, परीक्षेला निघालेली पोरं, मी सगळ्यांना नेलं. दसऱ्याला सेवालाल मला धुऊन पुसून झेंडूचा हार घालायचा.

पुढे वाशीमच्या स्नेहाताईंनी त्याला एका वेगळ्या कामात ओढलं. स्नेहाताई पोस्टात नोकरी करायच्या आणि उरलेल्या वेळात एका संस्थेचं काम बिनपगारी करायच्या. परदेशातली शाळकरी मुलं वर्षभर इथल्या घरांमध्ये राहायला यायची. त्यांना विमानतळावर कोण घेईल, रेल्वेत कोण बसवून देईल, कोण उतरवून घेईल, हे सगळं त्यांच्यासारखे गावोगावचे स्वयंसेवक फोनवर जुळवायचे. वाशीम स्टेशनापासून घरापर्यंतची वाट माझ्याकडे असायची. ती मुलं माझ्या बॉनेटला टेकून फोटो काढायची. तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

अशीच एकदा मार्ता आली. ती बोलिव्हियाची, सोळा वर्षांची. शेजारच्या भुरीबाईंकडे तिची सोय झाली होती. भुरीबाईंची मुलं पुण्याला नोकरीला, घरात त्या एकट्या. दिवाळीपर्यंत मार्ता त्यांना माय म्हणू लागली आणि आमच्या बोलीत भाकरी मागू लागली.

मग ती महामारी आली आणि सगळं बंद झालं. रस्ते, गाड्या, विमानं, शाळा, बाजार. मीही अंगणात अडकले.

मार्ता गेल्या जूनपासून गावातच होती, पण भीतीला हिशेब नसतो. बाहेरदेशची पोरगी बिमारी घेऊन आली, अशी कुजबुज सुरू झाली. विहिरीवर बाया भुरीबाईंपासून लांब उभ्या राहू लागल्या. भुरीबाईंनी फाटकाला कुलूप घातलं आणि मार्ताला बजावलं, "बाहेर पाऊल टाकू नको. लोकं काय बोलतीन, काय करतीन, काई नेम नाई."

त्या वाईट नव्हत्या. परक्याची लेक आपल्या भरवशावर आहे, या काळजीने त्यांना झोप येत नव्हती. मार्ता खिडकीशी गेली की त्या मागे जायच्या. जेवली नाही की रडायच्या. तिची आई तिकडे दवाखान्यात नर्स होती. कधीमधी तिचा फोन यायचा, तेव्हाही भुरीबाई शेजारीच बसलेल्या असायच्या.

दोन्ही अंगणांच्या मधल्या भिंतीला एक खिंडार होतं. एका दुपारी मार्ता त्यातून आली, माझं दार उघडून आत बसली आणि दार ओढून घेतलं. खूप वेळ ती नुसती स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. मग रोज यायला लागली. मित्रांनो, मला तिचे डोळे पुसता येत नव्हते. पण तिच्याकडे कोणी बघणार नाही एवढा आडोसा मी देऊ शकत होते.

तिकडे स्नेहाताई रोज फोन करत होत्या. शेवटी मुंबईहून एका विमानात जागा मिळाली. पहाटेच आम्ही मेहकरच्या रस्त्याने निघालो. जिल्ह्याच्या हद्दीवर बांबू आडवा होता. पोलिसाने कागद पाहिला आणि परत दिला.

"हा पास जिल्ह्यापुरता आहे, दादा. पुढं नाही सोडता येत."

सेवालालने हात जोडले. "साहेब, मुंबईवरून पोरीचं इमान हाय. मायजवळ चालली ते."

"मलाही लेकरं आहेत. पण माझ्या हातात नाही."

आम्ही परत फिरलो. ते विमान तिच्याशिवाय गेलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मार्ता माझ्यात येऊन बसली. तिने सगळ्या काचा वर केल्या आणि दारं आतून बंद केली. एप्रिलचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. माझा पत्रा तव्यासारखा तापला होता. तिचा चेहरा लाल झाला, केस कपाळाला चिकटले, तरी ती हलेना. मला हॉर्न वाजवून ओरडावंसं वाटत होतं. पण कालच्या फेरीनंतर माझ्या बॅटरीने मान टाकली होती.

भुरीबाई शोधत आल्या. त्यांनी काचेवर हात आपटला. मार्ताने मान फिरवली. सेवालाल दगड घेऊन धावला, तेव्हा त्यांनी त्याला अडवलं आणि माझ्या पायरीवर, उन्हातच बसल्या.

"दार नको उघडू बाई. काच तेवढी खाली कर. तू बाहेर येशीन तवाच मी उठीन."

त्या पदराने घाम पुसत बसून राहिल्या. मग काच हळूहळू खाली आली.

"मले कोंडलं तुमी, माय," मार्ता म्हणाली.

ती दार उघडून बाहेर आली, तेव्हा भुरीबाई उठल्या. तिला पाणी पाजलं, तोंड धुतलं. उन्हं कलल्यावर फाटकाचं कुलूप काढलं आणि तिचा हात धरून तिला गल्लीतून, सगळ्या गावासमोरून, शेताकडे घेऊन गेल्या. ओट्यावरची माणसं बघत राहिली. पुंजाजी नावाचे म्हातारे तेवढे म्हणाले, "घेऊन कायले चालली तिले?"

"हवा खायले," भुरीबाई म्हणाल्या. "लेकरू हाय ते. कैदी नोहे."

त्यानंतर रोज त्या फिरायला जायच्या. आधी पोरांनी, मग बायांनी मार्ताशी बोलणं सुरू केलं.

इकडे स्नेहाताईंनी नवी वाट काढली. एका गाडीला मुंबईपर्यंत परवानगी मिळत नसेल, तर प्रत्येक जिल्ह्यातल्या स्वयंसेवकाने आपापल्या हद्दीपर्यंत मार्ताला न्यायचं आणि पुढच्याच्या हवाली करायचं. तिच्या नावाचा मुंबईपर्यंतचा वेगळा पास आला. विमानही मिळालं. माझा वाटा हद्दीपर्यंतचा.

पण निघायच्या सकाळी मी सुरूच होईना. सेवालालने किल्ली फिरवून फिरवून हात टेकले. तेव्हा पुंजाजींनी धोतर खोचलं आणि माझ्या मागे खांदा लावला. मग ओट्यावरची इतर माणसं उतरली. तोंडाला उपरणी बांधून त्यांनी मला गल्लीच्या उतारापर्यंत लोटत नेलं, आणि तिथे मी खोकत खोकत जागी झाले.

पासवर भुरीबाईंचं नाव नव्हतं. त्या फाटकातच राहिल्या.

हद्दीवर बांबूच्या पलीकडे दुसरी गाडी उभी होती. मार्ता बॅग घेऊन पायीच पलीकडे गेली. सेवालाल माझं इंजिन चालू ठेवून उभा होता, कारण बंद पडले तर मला लोटायला तिथे कोणी नव्हतं. चौथ्या दिवशी स्नेहाताईंचा फोन आला. मार्ता आईजवळ पोहोचली होती.

मित्रांनो, माझ्या कागदपत्रांची मुदत आता संपली आहे. सेवालालचा जीव माझ्यावर आहे. म्हणून तो मला विकत नाही, ताडपत्रीने झाकून ठेवतो, कोंबडी तेवढी फुटक्या तळातून शिरते, पण पोरांना तो हातही लावू देत नाही. त्या ताडपत्रीखाली माझा पत्रा हळूहळू गंजतो आहे. त्याला कसं सांगू, की जपणं म्हणजे झाकून ठेवणं नव्हे? तुम्ही आलात तर ती बाजूला करा. दारं उघडा, आत वारा येऊ द्या. आणि तुमच्या घरी कोणी लांबून राहायला आलं असेल, तर त्याला पोटभर वाढा. पण फाटक उघडं ठेवा.