उजवा कौल

साकीनाक्याच्या कारखान्यात माळ्यावरून पडून निलेशचा मणका मोडला आणि सव्वीस वर्षांचा धडधाकट पोरगा कमरेखाली निपचित झाला. डॉक्टर क्षमा म्हणाल्या, मज्जारज्जूच्या तुटलेल्या जागी पेशी पेरलेली मऊ जाळी बसवून बघू, तिच्या आधाराने तंतू वाढतात का ते. प्रयोगच आहे, खात्री नाही. पण करायचा तर पडल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत.

निलेशने लगेच सही केली. घरच्यांची सही तेवढी राहिली.

"देवाक इचारल्याबिगर पाठीक हात लावूचो नाय," त्याच्या आईने, शेवंतीने, ठरवून टाकलं.

"वेळ जाईल गं आई."

"गप ऱ्हव."

तिचा नवरा जयवंत कौल लावायला गावी गेला. देवाच्या अंगावर लावलेलं फूल उजवीकडून पडलं तर होकार, डावीकडून पडलं तर नकार. पण गुरवाच्या घरात नेमकी मयत झालेली. सुतक फिटेपर्यंत देव काही बोलणार नव्हता. शेवंती दिवस मोजत होती, पण घाबरली नव्हती. रेशनकार्डापासून शाळेच्या प्रवेशापर्यंत सगळी कामं तिने शेवटची तारीख उलटल्यावरच हातापाया पडून करून घेतली होती. दोन दिवस इकडेतिकडे झाले तर कोण बघतंय?

तिसाव्या दिवशी जयवंतचा फोन आला. "उजवो कौल दिल्यान गो. सही कर."

विक्रोळीच्या घरून हॉस्पिटलला जाताना रिक्षातच मांडीवर फॉर्म ठेवून तिने सही केली. क्षमा मॅडमनी तो वाचला. त्या रागावल्या नाहीत, तेव्हाच शेवंती घाबरली.

"ताई, मुदत संपली. आतली जखम निबर होत जाते, म्हणून मुदत ठेवलेली असते."

"दोनच दिवस ना मॅडम. मागची तारीख टाका."

"नाही टाकता येत. आता व्यायाम आणि व्हीलचेअर. दुसरं काही नाही माझ्याकडे."

वॉर्डात निलेश दाराकडे डोळे लावून होता. "लागला कौल?"

शेवंतीने जन्मात कधी देवाच्या नावाने खोटं सांगितलं नव्हतं.

"डावो पडलो," ती म्हणाली.

"मग जाऊ दे," तो म्हणाला. "मला वाटत होतं, तू उशीर केलास. मनातल्या मनात काय काय बोललो तुला. सॉरी गं."

शेवंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या जयवंत प्रसाद घेऊन येणार होता. त्याला खालीच गाठून पढवायला हवं होतं.