आगाशीची धक्क्याची जीप

मी एक जुनी जीप आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, मी फार भित्री आहे. चढ दिसला की मला धडकी भरते. अरुंद पूल आला की मी अंग चोरते. आणि कुणी माझे इंजिन बंद केले, की आपण पुन्हा सुरू होणार की नाही, या काळजीने मी अर्धी होते. बाकीच्या भीती उगाच असतील, पण या शेवटच्या भीतीला कारण आहे. तेच आज सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी हिरवीगार होते. आगाशीच्या सेबॅस्टियनबाबांनी मला घरी आणले, तेव्हा फादरांनी माझ्या बॉनेटवर पवित्र पाणी शिंपडले आणि क्लेमेंटीनआजींनी माझ्या आरशाला जपमाळ अडकवली. पुढे कितीतरी वर्षे मी बाबांच्या वाडीतली केळी बाजारात नेली. लग्नात फुले लावून मिरवले. शेजारच्या थेरेसाला बाळंतपणासाठी दवाखान्यात वेळेवर पोचवले, तेव्हा तर अख्ख्या आळीने माझे कौतुक केले.

मग माझा स्टार्टर गेला. मागच्या दाराची काच दोन बोटे उघडी राहून तशीच अडकली. बाबा म्हणायचे, “चालतंय की!” ते मला तळ्याच्या बांधावर, उतारावर उभी करीत. सकाळी दोघेतिघे शेजारी माझ्या मागच्या दाराला हात लावून जोर करीत, मी गडगडू लागले की बाबा दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडीत, आणि मी खोकत खोकत सुरू होई. गावात माझे नावच ‘धक्क्याची जीप’ पडले. मला फार लाज वाटायची, पण सांगणार कुणाला?

अशातच बाबांना नातीला दिलेला शब्द आठवला. चर्चमधल्या एलिसाच्या पहिल्या कम्युनियनच्या सोहळ्यात ते बोलून बसले होते, की तुला माझ्या जीपमधून जंगल दाखवीन. विदर्भातल्या एका राष्ट्रीय उद्यानात स्वतःची गाडी स्वतः चालवत फिरता येते, हे त्यांना कुणीतरी सांगितले होते. एलिसाचे वडील कॅल्विन, म्हणजे बाबांचे चिरंजीव, नायगावच्या टॉवरमध्ये राहतात. ते आले आणि माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, “बाबा, आधी स्टार्टर बदला. जंगलात धक्का कोण मारणार?”

“आल्यावर बदलू रे. उतारावर लावू, झालं.”

“बघा हं. एकदा जरी अडकलो ना, तर परत आल्यावर ही थेट भंगारात. नंतर रडायचं नाही.”

ते ऐकल्यापासून माझी झोप उडाली. बाबा, आजी, कॅल्विन आणि एलिसा यांना घेऊन केलेल्या दोन दिवसांच्या प्रवासात मी एकदाही चुकले नाही. प्रत्येक मुक्कामी बाबा उतार शोधत आणि मी जीव मुठीत धरून सुरू होत असे.

उद्यानाच्या फाटकावर वनरक्षकांनी आम्हांला थांबवले. “गाडीतून उतरायचं नाही. काचा बंद. आणि खायचं काही असेल तर इथे ठेवून जा.” कॅल्विननी बिस्किटे आणि वेफर्स काढून दिले. आजी मात्र गप्प बसल्या. त्यांच्या बाकाखाली सुकेळ्यांचे भलेमोठे पुडके होते. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्या सोपटात, म्हणजे खोडाच्या सुक्या सालीत, बांधलेली आमच्याकडची सुकेळी! कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जायचे नाही, ही आजींची रीत. परतताना फाटकावरच्या साहेबांच्या हातात ती ठेवायची, असे त्यांनी घरूनच ठरवले होते. त्यांच्या मते ती खायची वस्तू नव्हतीच. ती भेट होती. आणि भेट कुणी फाटकावर काढून ठेवतो का?

मला त्या पुडक्याचा गोड वास येत होता. माझ्या अडकलेल्या काचेच्या फटीतून तो बाहेर जातोय, हेही कळत होते. पण मी पडले जीप.

जंगल सुंदर होते, हे कबूल केले पाहिजे. एलिसाची नजर फार तीक्ष्ण. “पप्पा, स्लो! डावीकडे, बांबूच्या खाली!” असे ती कुजबुजे, आणि नुसत्या पाचोळ्यातून चितळांचे अख्खे कुटुंब उभे राही. एक गवा आमच्याकडे इतका वेळ बघत राहिला, की मीच नजर खाली घातली. एलिसा वहीत लिहीत होती आणि बाबा मागे वळून वळून तिचा चेहरा बघत होते. त्यांना हवे होते ते मिळाले होते.

तलावापाशी पाटी होती : ‘येथे इंजिन बंद ठेवावे.’ गाडी कॅल्विन चालवत होते. ते सरळमार्गी माणूस. पाटी वाचली आणि त्यांनी किल्ली फिरवली.

“अरे, बंद केलीस?” बाबा ओरडलेच.

कॅल्विननी हँडब्रेक ओढला आणि मग त्यांच्या लक्षात आले. आम्ही सपाटीवर होतो. उतार होता, पण पुढे चार हातांवर. खाली उतरून धक्का मारायचा, तर उतरायला बंदी.

“थांबू या. मागून कुणीतरी गाडी येईल,” कॅल्विन म्हणाले. पण ते सारखे आरशातून मागचा रस्ता बघत होते. मला फक्त भंगाराचा ढीग दिसत होता.

तेवढ्यात एलिसा म्हणाली, “आजोबा, ते काळं झुडूप चालतंय!”

ते झुडूप नव्हते. अस्वल होते. मादी. तिच्या पाठीवर केसांना धरून दोन पिल्ले बसली होती. क्षणभर आम्ही सगळे हरखून गेलो. मग आमच्याकडून तिकडे वारा वाहिला. तिने नाक वर केले, हवा हुंगली आणि ती सरळ आमच्याकडे चालू लागली.

“इकडे का येतेय ती?” कॅल्विननी विचारले.

आजींनी कपाळाला हात लावला. “जेजू, देवा, माझी सुकेळी!”

“आई, तू सुकेळी आणलीस?”

तोवर अस्वल मागच्या दाराशी आले होते. काचेच्या फटीतून त्याचे ओले नाक आत शिरले. एलिसा त्या दारापासून हातभर अंतरावर बसली होती. आजींनी पुडके ओढले. “टाकते बाहेर. घेईल आणि जाईल.”

“नको, आजी!” एलिसाने त्यांचा हात घट्ट धरला. ती रडत होती, पण हात सोडत नव्हती. “टाकलंस तर ती दुसऱ्या गाड्यांकडे पण येईल! तिची बाळं पण शिकतील!”

आजींनी पुडके पोटाशी धरले, नातीला जवळ ओढले आणि ‘नमो मारिया’ ही प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. पिल्ले खाली उतरली. अस्वल मागच्या पायांवर उभे राहिले, त्याने दोन्ही पंजे माझ्या दारावर ठेवले आणि सगळा भार टाकला. पत्रा करकरला. माझ्या पाठीत कळ गेली. मला पुढे हिसका बसला.

बाबांना तो हिसका ओळखीचा होता. वर्षानुवर्षे रोज सकाळी, त्याच दाराला, तसाच तर बसायचा!

“कॅल्विन, किल्ली चालू कर. क्लच दाब, दुसरा टाक. आणि ब्रेक सोड.”

“ब्रेक सोडू? बाबा, ती मागे...”

“तीच मारतेय धक्का. सोड!”

ब्रेक सुटला. अस्वलाने पुन्हा जोर केला. मी वीतभर सरकले, मग हातभर. मित्रांनो, जन्मात कधी केली नव्हती एवढी विनवणी मी माझ्या चाकांना केली. पुढची चाके उताराला लागली, मी गडगडू लागले, बाबा ओरडले, “आता!” कॅल्विननी क्लच सोडला आणि मी सुरू झाले. काळ्या धुराचा एवढा लोट सोडला, की अस्वल शिंकत मागे हटले. पिल्ले पाठीवर चढली आणि तिघेही बांबूत दिसेनासे झाले.

फाटकापर्यंत कॅल्विननी मला कुठेच थांबवले नाही. तिथे आजी पुडके घेऊन वनरक्षकांसमोर गेल्या आणि त्यांनी घडले ते सगळे सांगितले. “तुमच्यासाठीच आणली होती, साहेब. माझीच चूक.”

वनरक्षकांनी पुडके उघडून पाहिले. “आजी, यातलं एक जरी तिला मिळालं असतं, तर उद्यापासून ती प्रत्येक गाडीला झोंबली असती. मग तिला पिंजऱ्यात टाकावं लागलं असतं आणि पिल्लांना दुसऱ्या पिंजऱ्यात.” एलिसाने आजींचा हात तेव्हा कुठे सोडला.

कॅल्विन मला भंगारात द्यायचे म्हणाले नाहीत. पहिल्याच गावात त्यांनी गॅरेज शोधले, स्टार्टर बदलला, काचही बसवून घेतली. बाबा बाजूला उभे होते. ते या वेळी ‘चालतंय की’ म्हणाले नाहीत.

माझ्या मागच्या दारावर पंज्यांचे ओरखडे अजून आहेत. आळीतली मुले त्यांवर बोटे फिरवतात आणि दर वेळी मी दचकते. तेव्हा मित्रांनो, एवढे ऐका. जंगलात जाल तेव्हा आपला खाऊ तिथल्या जिवांच्या नाकापासून दूर ठेवा, तो कितीही प्रेमाचा असला तरी. आणि घरात माझ्यासारखी एखादी म्हातारी गाडी असेल, तर तिची दुरुस्ती ‘आल्यावर बघू’ म्हणून टाळू नका. धक्का मारायला दर वेळी अस्वल येईलच असे नाही. आणि खरे सांगू? येऊही नये.